पाणी वाचवते कोण, बिल वाचते कुणाचे?

गेल्या उन्हाळ्यात जुन्या जालन्यातल्या एका वस्तीत आमच्या बचत गटांची एकत्र बैठक होती. पाणी बचतीवर बोलायला एक पाहुणे आले होते. माणूस अभ्यासू आणि मनापासून बोलणारा. दात घासताना तोटी बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा, गळका नळ लगेच दुरुस्त करून घ्या, म्हणजे पाणी तर वाचेलच आणि घरचे पाण्याचे बिलही कमी होईल, असे त्यांनी तासभर समजावून सांगितले. बायका शांतपणे ऐकत होत्या. शॉवरचे नाव निघाले तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, एवढेच. भाषण संपल्यावर एक मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगता ते खरंय. पण आमच्या नळाला पाणी येतं दहा दिवसाला. नळाला तोटीच नाई, तर बंद काय करू? अन् पाणीपट्टी तर वर्षाची ठरलेली. म्या पाणी वाचवलं तर बिल कुणाचं कमी व्हईल?"

पाहुणे "प्रश्न चांगला आहे" म्हणाले आणि पर्यावरणाकडे वळले. सूत्रसंचालन माझ्याकडे होते, मीही त्यांना सावरून घेतले. चहा झाला, बायका घरी गेल्या. मला मात्र त्या रात्री फारसे बरे वाटले नाही. कारण पाहुण्यांनी केले ते भाषण मी स्वतः किती वस्त्यांमध्ये केले आहे, याचा हिशोब माझ्याकडेही नाही. हातात तेच चित्रांचे फलक, तीच टपकणारी तोटी. प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून माझे निभावले.

मावशींचे म्हणणे नीट समजून घेऊ. आमच्या शहरातल्या बहुतेक घरगुती नळांना मीटर नाही. पाणीपट्टी जोडणीमागे वर्षाची ठराविक असते. वर्षात नळ किती दिवस आले याच्याशी तिचा संबंध नाही आणि घरात किती पाणी वापरले याच्याशीही नाही. अंगणात गाडी धुणाऱ्याला जी पट्टी, तीच तीन ड्रमांवर आठवडा काढणारीला. तेव्हा "पाणी वाचवा, बिल कमी करा" ही घोषणा आमच्या गावात शब्दशः खोटी आहे. ती मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांसाठी लिहिली गेली असेल, किंवा कुठल्या तरी परदेशी पुस्तिकेतून आली असेल. आम्ही कार्यकर्त्यांनी ती न तपासता वस्तीत नेली.

मग घरात पाण्यावर खर्च होतच नाही का? होतो, आणि भरपूर होतो. पुढच्या बैठकीत आम्ही पाहुणे बोलावले नाहीत. पाण्यासाठी घरातून जाणारा प्रत्येक रुपया फळ्यावर लिहायचा, एवढेच ठरवले. सुरुवातीला कुणी बोलेना. एकीने पाणीपट्टी सांगितली, तीही "मालकाला विचारून सांगते" म्हणाली. मग दुसरी म्हणाली, "जाराचे पैसे धरायचे का?" त्यानंतर फळा पुरला नाही. पिण्याच्या पाण्याचा जार. उन्हाळ्यात चार घरांनी मिळून मागवलेला टँकर. ड्रम, आणि फुटलेल्या ड्रमच्या जागी घेतलेला दुसरा ड्रम. टिल्लू मोटार आणि दर वर्षी ती जळाल्यावरचे वायंडिंग. मोटारीची वीज. नळ येणार म्हणून बुडवलेली कामाची रोजी. नळाची वेळ चुकली म्हणून शेजारणीकडून आणलेले पाणी आणि त्याच्या बदल्यात तिच्या घरची निवडून दिलेली ज्वारी. शेवटची बाब फळ्यावर लिहायची की नाही यावर वाद झाला. मी लिहिली.

या हिशोबाला बायकांनीच नाव दिले: दुसरं बिल. पहिले बिल वर्षातून एकदा येते, त्याची पावती मिळते, ती पावती नवरा किंवा सासरा ट्रंकेत जपून ठेवतो. दुसरे बिल रोज येते, त्याला कागद नसतो आणि ते भाजीच्या पैशांतून जाते. समजा जार वीस रुपयांना मिळतो आणि घरात दिवसाआड एक लागतो. महिन्याचे तीनशे झाले, वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर गेले. हा खर्च कुणाच्याही नजरेत भरत नाही, कारण तो वीस-वीस रुपयांनी होतो आणि बाईच्या कनवटीतून होतो. नवऱ्याने महिन्याला दिलेल्या पैशांत जार आला म्हणून एक पाव तेल कमी आले, हे घरात फक्त तिलाच ठाऊक असते.

आता "पाणी वाचवा" या उपदेशाकडे पुन्हा पाहू. केंद्र शासनाने २००८ साली शहरी सेवांचे निकष ठरवले. त्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला दहा दिवसांत ६,७५० लिटर लागतील, म्हणजे दोनशे लिटरचे ३४ ड्रम. दहा बाय बाराच्या खोलीत ३४ ड्रम ठेवले तर माणसे कुठे राहतील हे निकष करणाऱ्यांनी सांगावे. आमच्या वस्तीत साधारण तीन ड्रम असतात. सहाशे लिटरमध्ये पाच माणसांनी दहा दिवस काढायचे म्हणजे माणशी रोज १२ लिटर. दुष्काळी गावाला टँकरने पाणी देताना शासन माणशी २० लिटर धरते. म्हणजे शहरात राहणारी, नळ असलेली, पाणीपट्टी भरणारी बाई दुष्काळी गावाच्या निकषाच्याही खाली जगते आहे. उरलेले पाणी ती विकत आणते, मागून आणते, नाहीतर त्याच्याविना भागवते. तिला आणखी वाचवा म्हणून सांगायचे?

ती वाचवतेच. तांदळाचे धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी तुळशीला किंवा संडासात, कपड्यांचे शेवटचे पाणी ओट्याला. जगातल्या कुठल्याही जलतज्ज्ञाने शिकवण्याआधीपासून आपल्या आया-आज्या हे करत आल्या. पण याच्याही पुढे जाऊन ती स्वतःच्या वाट्याचे पाणी वाचवते, आणि हे मी घरात पाहिलेले आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ जालन्यातल्या कुणीही विसरणार नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपण केले. शहर टँकरवर होते. मी तेव्हा एम. एस. डब्ल्यू. करत होते आणि क्षेत्रकार्याच्या वहीत टँकरच्या रांगांच्या नोंदी मोठ्या उत्साहाने घेत होते. घरी माझी आई दुपारनंतर पाणी पीत नसे. प्यायले की संडासला जावे लागते, गेले की डबाभर पाणी लागते, असे तिचे गणित. पाळीच्या दिवसांत ती दोन दोन दिवस अंघोळ टाळायची. तिच्या लघवीला जळजळ सुरू झाली, ती तिने महिनाभर सांगितली नाही, आणि नंतर दवाखान्यात जो खर्च झाला तो वडिलांनी हातउसने घेऊन भागवला. त्या वर्षाच्या घरखर्चात पाण्याच्या नावावर टँकरचे पैसे लिहिलेले आहेत. दवाखान्याचे पैसे "आजारपण" या नावाखाली आहेत. माझ्या क्षेत्रकार्याच्या अहवालातही आईचे हे नाही. तेव्हा ते मला पाण्याच्या विषयातले वाटलेच नव्हते.

मैत्रिणींनो, याचा अर्थ पाणी राखण्याला विरोध करायचा असा मुळीच नाही. मराठवाड्यात राहून तसे कोण म्हणेल? मला म्हणायचे आहे ते इतकेच की, घरातल्या बादलीतून वाचवलेल्या पाण्याने आमचे बिल कमी होत नाही. घराबाहेर, तलावात आणि जमिनीत राखलेल्या पाण्याने मात्र नक्की होते. आणि गंमत अशी की, पहिले काम बाईला सांगितले जाते आणि दुसऱ्याच्या बैठकीत तिला बोलावलेही जात नाही.

जालन्याचीच गोष्ट घ्या. या गावाला पाणी राखायची जुनी समज आहे. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला. नव्या जालन्याची तहान त्याने कित्येक वर्षे भागवली. घाणेवाडीचे मोठेपण असे की, तो गावापेक्षा उंचावर आहे. पाणी उताराने शहराकडे येते, त्याला पंपाची गरज नाही. पंप नाही म्हणजे विजेचे बिल नाही. पण तलाव गाळाने भरत गेला, शहर वाढत गेले, आणि २०१२ साली तो कोरडा पडला. त्याच्या आधीपासूनच, २०१० च्या सुमारास, शहरातल्या नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढायला सुरुवात केली होती. शेतकऱ्यांनी तो गाळ आपापल्या शेतात नेला. हे काम चांगले झाले, ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

२०१३ साली पैठणच्या जायकवाडीवरून अंबडमार्गे जालन्याला पाणी आले. ते आले नसते तर हे शहर उठून गेले असते, त्यामुळे त्या योजनेला नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण ते पाणी पंपाने चढवून आणावे लागते, आणि त्या पंपाचे वीजबिल दर महिन्याला येते. वीजबिल थकले म्हणून पाणीपुरवठ्याची वीज तोडली गेली, असे मराठवाड्यातल्या गावांनी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी थकबाकी कार्यालयाची असते आणि त्याचा दंड भरते ती जारवाल्याला फोन करणारी बाई. घाणेवाडीत साठलेले प्रत्येक घनमीटर पाणी म्हणजे लांबून न चढवावे लागलेले पाणी. गळक्या जलवाहिनीतून वाचलेले पाणीही तसेच. मी वर सांगितलेल्या २००८ च्या निकषांतच असेही आहे की, पुरवठ्यातले हिशोबाबाहेरचे पाणी, म्हणजे गळती, चोरी आणि बिलाविना गेलेले सगळे धरून, २० टक्क्यांच्या आत असावे, आणि पाणी २४ तास मिळावे. आपल्यापैकी कुणाच्या शहरात हे मोजून जाहीर केले जाते? रस्त्यावर व्हॉल्व्हपाशी कारंजे उडत असते आणि त्याच रस्त्यावरच्या भिंतीवर घागर घेतलेल्या बाईचे चित्र काढून खाली "पाणी जपून वापरा" लिहिलेले असते. पाणीबचतीच्या चित्रात पुरुष आलेला मी अजून तरी पाहिलेला नाही. पाण्याच्या योजनेच्या उद्घाटनाच्या चित्रात बाई शोधावी लागते.

आता विजेकडे येते, कारण पाण्याचा खरा खर्च अनेक घरांत विजेच्या बिलात दडलेला आहे आणि तो आपल्याला दिसत नाही. ज्या घरांना बोअर आहे त्यांची पाणीपट्टी कमी असते असा समज आहे. दीड हॉर्सपॉवरची मोटार तासाला साधारण एक युनिटच्या थोडे वर वीज खाते. रोज दोन तास चालली तर महिन्याला ६५ युनिटच्या आसपास. उन्हाळ्यात पाणी खोल गेले, टाकी भरायला तीन तास लागू लागले, की शंभर युनिटच्या जवळ. दोन दिवे, पंखा आणि टीव्ही एवढीच वीज वापरणारे घर एरवी शंभर युनिटच्या आत असते आणि तिथे दर कमी असतो. शंभरच्या पुढच्या युनिटला दर एकदम चढतो. म्हणजे जमिनीतले पाणी खाली गेले की विजेचे बिल दुहेरी वाढते, युनिटही जास्त आणि दरही जास्त. हेच उलटही खरे आहे. गल्लीतल्या पाचपन्नास छतांचे पाणी गटारात जाण्याऐवजी जमिनीत मुरले, बोअरची पातळी थोडी वर राहिली, तर ते पहिल्यांदा विजेच्या बिलात दिसेल. पाणीबचतीने बिल कमी होते हे वाक्य ज्या थोड्या ठिकाणी खरे ठरते, त्यातले हे एक.

छताचे पाणी हा विषय मला आवडतो, कारण त्यात उपदेश कमी आणि हिशोब जास्त आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या छतावर पडणाऱ्या पाण्यातले काही वाया गेले असे धरले, तरी पावसाळ्यात २४ हजार लिटरच्या आसपास हाती लागते. पाच हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. नुसत्या पत्र्याच्या छताखाली पन्हाळ लावून ड्रम ठेवला तरी भांडी-कपड्यांचे कितीतरी दिवस निघतात, आणि आमच्या गटातल्या बायका ते करतात. पण जमिनीत मुरवायचे म्हटले की प्रश्न येतो, छत कुणाचे? भाडेकरू बाईने मालकाच्या भिंतीला खिळा मारला तर खोली सोडावी लागते. अतिक्रमणातल्या वस्तीत घराचा उताराच नाही. काही महापालिका पावसाचे पाणी मुरवणाऱ्याला मालमत्ता करात सवलत देतात. पुण्यात अशी सवलत बऱ्याच वर्षांपासून आहे. चांगलेच आहे. पण ती मालमत्ता ज्याच्या नावावर त्याला मिळते, आणि आपल्या समाजात मालमत्ता कुणाच्या नावावर असते ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. खड्ड्यातला कचरा काढणारी, पहिल्या पावसाचे घाण पाणी वळवून देणारी बाई, आणि सवलतीच्या पावतीवर नाव त्याचे. ग्रामीण भागात 'घर दोघांचे' ही मोहीम झाली. शहरातल्या नळजोडणीवर दोघांची नावे का असू नयेत?

सगळ्यात अवघड मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, तो मीटरचा. आमच्या गटात यावर सरळ दोन बाजू आहेत आणि मीही बाजू बदललेली आहे, हे कबूल करते. मीटरविना बचतीला मोल नाही, हे वर मांडलेच. शहरांनी शंभर टक्के मीटर बसवावेत असा शासनाचा आग्रहही आहे, तेव्हा आज ना उद्या तो आमच्या दाराशी येणार. पूर्वी मी बैठकीत ठामपणे सांगत असे की, पाणी हा हक्क आहे, त्याला मीटर लावू देणार नाही. १९९२ साली डब्लिनला पाण्यावर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या चार तत्त्वांत एक असे आहे की पाणी पुरवणे, सांभाळणे आणि राखणे यात स्त्रियांची भूमिका मध्यवर्ती आहे. आणि त्याच्या लगेच पुढचे तत्त्व, पाण्याला आर्थिक मूल्य आहे. मला तेव्हा वाटायचे, हे दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे बाईने पाणी सांभाळायचे आणि तिनेच किंमत मोजायची. आजही थोडेसे तसेच वाटते.

पण फळ्यावरचे दुसरे बिल पाहिल्यावर माझी ती भूमिका डळमळली. मीटर नसल्यामुळे वस्तीतली बाई आजच पाण्याची किंमत मोजते आहे, आणि ती कुठल्याही महापालिकेच्या दरापेक्षा जास्त आहे. वीस रुपयांना वीस लिटर म्हणजे हजार लिटरला हजार रुपये! सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ मलकापूर नावाचे छोटे गाव आहे. तिथे २००८-०९ च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर अशी योजना सुरू झाली. दर पायऱ्यांचा ठेवला, कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला चढत्या भावाने. पाणी चोवीस तास आहे म्हणजे साठवण नको, टिल्लू नको, रात्रीचे जागरण नको. तिथे "कमी वापरा, कमी भरा" हे खरे होऊ शकते. मलकापूर कोयनेच्या काठी आहे आणि आम्ही कुंडलिकेच्या कोरड्या पात्राकाठी, हा फरक मी विसरलेले नाही. तरी क्रम पाहा. तिथे मीटरबरोबर पाणीही आले. आमच्याकडे पाण्याआधी मीटर येईल अशी मला भीती वाटते. कोरड्या नळातून हवा आली तरी काटा फिरतो म्हणतात.

दुसरी भीती पायऱ्यांच्या दराची आहे, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. पायरी जोडणीवर मोजली जाते, माणसांवर नाही. बंगल्यात दोघे राहतात, नळ एक. वस्तीत एका नळावर तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि मागच्या खोलीतली भाडेकरू मिळून चौदा माणसे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडेसेच पाणी, पण मीटरवर एकत्र वापर मोठा, म्हणून सर्वात महाग पायरी यांची. आणि बिल आले की घरात पहिला प्रश्न सुनेला, "इतकं पाणी कुठं सांडतेस?" तेव्हा मीटर हा सुनेवर ठेवलेला पहारेकरी होऊ शकतो. जोडणीमागे नव्हे तर माणशी ठराविक पाणी स्वस्त दराने, ही अट मान्य झाल्याशिवाय चढता दर गरिबाच्या बाजूचा आहे असे मी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. केप टाऊन शहरात २०१८ साली नळ बंद पडण्याची वेळ आली होती. लोकांनी वापर जवळपास निम्म्यावर आणला, शहर वाचले. पण पाणी कमी विकले गेल्याने पालिकेचे उत्पन्न घटले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून नळाच्या आकारानुसार नवा ठराविक आकार बिलात आला. म्हणजे बचत केली आणि ठरलेला आकार वाढला. यात लबाडीच होती असे नाही. पंप, वाहिन्या, पगार यांचा खर्च पाणी कमी वापरले म्हणून कमी होत नाही, तो कुणाकडून तरी घ्यावाच लागतो. ही बाब आपण बायकांना आधीच सांगितली पाहिजे. "वाचवा, बिल निम्मे होईल" असे सांगून मीटर लावून घेतला आणि मग ठराविक आकार वाढला, तर त्या आपल्याला जाब विचारतील.

तर माझी आजची बाजू अशी. मीटरला नाही म्हणायचे नाही, पण रांग ठरवायची. पहिला मीटर जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीला आणि प्रत्येक उंच टाकीला, म्हणजे कुठल्या भागाला किती पाणी सोडले ते कळेल. वॉलमन कुणाच्या गल्लीत चावी जास्त वेळ उघडी ठेवतो हे आज फक्त तो आणि ती गल्ली जाणते. मग कारखाने, मंगल कार्यालये, हॉटेले. मग मोठ्या जोडण्या. वस्तीतल्या अर्ध्या इंचाच्या नळाला सगळ्यात शेवटी, आणि तोही पाणी किमान दिवसाआड येऊ लागल्यावर. गटातल्या आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीला हेही पटलेले नाही. ती म्हणते, रांग आपण ठरवू आणि ते मधूनच घुसवतील. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मृणालताई गोरे यांना मुंबईने 'पाणीवाली बाई' म्हटले. त्यांनी गोरेगावच्या बायकांना घेऊन पाणी मागितले, ते हंडे घेऊन रस्त्यावर येऊन मागितले. त्या २०१२ साली गेल्या, आमच्या दुष्काळाच्याच वर्षी. मोर्चा काढणे आम्हालाही येते, दर उन्हाळ्यात आम्ही रिकामे हंडे घेऊन जातोही. पण पावसाळा लागला की आम्ही गप्प होतो, आणि पाण्याचे सगळे निर्णय, अंदाजपत्रक, दर, निविदा, त्या थंड महिन्यांत होतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नगरसेविका आपल्या आहेत. पाणीपट्टीचा ठराव येईल त्या सभेला प्रेक्षक म्हणून बसायला आपल्यातल्या किती जणी गेल्या? मी एकदाही गेलेले नाही.

यंदा आम्ही एक छोटे काम हाती घेतले आहे. त्या वस्तीतल्या तीस घरांत एक एक वही दिली. नळ कधी आले, किती वेळ आले, जार किती, टँकर किती, मोटार किती तास, विजेचे युनिट किती, कामाची रोजी किती वेळा बुडाली, सगळे लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुली लिहितात, त्यामुळे काही वह्यांत चित्रेही आहेत. दर ठरवण्याच्या सभेआधी या वह्या घेऊन जायचे ठरले आहे. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुखाचे नाव असा रकाना आम्हीच छापला होता, सवयीने. प्रश्न विचारणाऱ्या त्या मावशींनी तो वाचून घेतला, थोडा वेळ पेन तसाच धरला, आणि रकाना खोडून खाली स्वतःचे नाव लिहिले. बाकीच्या एकोणतीस वह्यांचे पहिले पान आम्ही आता नव्याने छापून घेत आहोत.